थंडीत घोडं नेमकं कुठे अडतं?

भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: न फिरवल्यामुळे. थंडी पडली, घोडा खोगिराखाली पाठ कमानीसारखी उचलायला लागला, रोजच्याच झुडपाला बुजायला लागला, टाच लावताच कान पाडायला लागला, की बघणारा प्रत्येक जण हेच उत्तर देतो. चंदी (दाण्याचा खुराक) अंगात आलीय, मस्ती आहे, दोन फेऱ्या पळव म्हणजे उतरेल. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण थंडीत घोड्याच्या पाठीत, खुरात, तोंडात आणि पोटात एकाच वेळी इतके बदल होत असतात की हे उत्तर आधीच धरून चाललं, तर दुखणारा घोडाही पळवला जातो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी दुखणं, मग सामान, मग दाणा-वैरण आणि हालचाल. स्वभावाला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी.

आधी उतरायचं, मग विचार करायचा

काही लक्षणांत तपासाला वेळ नसतो. चालता चालता मागचे पाय आखडले, पुठ्ठ्याचे स्नायू हाताला दगडासारखे लागले, कामाच्या मानाने घाम फार आला आणि घोडा पाऊल टाकायला तयार नसला, तर हा हट्ट नाही. स्नायू आखडण्याचा हा आजार ‘टाइंग अप’ नावाने ओळखतात. एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, चंदी मात्र नेहमीइतकीच, आणि मग अचानक काम, ही त्याची जुनी ओळखीची वाट. थंडीत सुट्ट्या वाढतात म्हणून तो तेव्हा जास्त दिसतो. अशा घोड्याला ‘मोकळा होईल’ म्हणून चालवू नका, स्नायूंची आणखी नासधूस होते. आहे तिथेच उभा करा, अंगावर झूल टाका, पाणी ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. लघवी गडद तपकिरी झाली असेल तर ते आवर्जून सांगा. रक्तातली सीके आणि एएसटी ही दोन एन्झाइम्स तपासली की खात्री पटते.

दुसरं लक्षण खुरांचं. घोडा वजन टाचांवर ढकलून उभा राहतो, कडक जमिनीवर वळताना पाय चोरतो, खुराच्या वर घोट्याजवळची नाडी ठणठण लागते. लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थरांना सूज येण्याच्या आजाराची, शंका घ्यायला एवढं पुरे आहे. आणि जो घोडा मागच्या पायांवर उभा राहतो किंवा पुन्हा पुन्हा ठेचकाळतो, त्याच्यावर तपासणी होईपर्यंत कोणीच बसू नये.

विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे बरा असतानाच लिहून ठेवले, तर बिघडल्यावर तुलना करता येते.

‘का’च्या आधी ‘केव्हा’

दोन आठवड्यांची नोंदवही ठेवा. प्रत्येक वेळी बसल्यावर तापमान, वारा, आदल्या २४ तासांत घोडा किती तास मोकळा होता, काय आणि किती खाल्लं, कुठलं खोगीर आणि खाली काय घातलं होतं, हे लिहायचं. मग खोडीचा तपशील: बसल्यापासून कितव्या मिनिटाला, कुठल्या चालीत, डाव्या वर्तुळावर की उजव्या, आणि त्या क्षणी तुम्ही घोड्याकडून काय मागत होता. ‘आज फार त्रास दिला’ या नोंदीचा काही उपयोग नाही. ‘डावीकडे दुडकीतून कँटर मागितला, तिन्ही वेळा शेपूट झटकून लाथ झाडली’ ही नोंद सोन्यासारखी. (दुडकी म्हणजे हलकी धाव, कँटर म्हणजे त्याहून वेगाची, झेपेची चाल.)

मस्तीला ठरावीक जागा नसते. वाऱ्याच्या दिवशी जास्त, मोकळा सोडला त्या दिवशी कमी, कधी इथे उडी तर कधी तिथे. कान पुढे, शेपूट वर, डोळे चमकदार. दुखणं मात्र पत्ता सोडत नाही. तीच बाजू, तीच मागणी, तोच क्षण. कान मागे, जबडा घट्ट, शेपूट आवळलेली किंवा सतत फटकारणारी.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणती माणसंही अडकतात. ‘पंधरा मिनिटांनी सुधारला, म्हणजे मस्तीच होती’ हा निष्कर्ष बरोबर नाही. संधिवाताचा सांधा आणि आखडलेली पाठसुद्धा गरम झाल्यावर मोकळी होते. सुधारला कधी, यापेक्षा सुधारला कसा हे बघा. मस्ती उतरते तेव्हा घोडा उड्या थांबवतो, पण त्याची पावलं पहिल्यापासून लांब आणि मोकळीच असतात. आखडलेला घोडा सुरुवातीला आखूड, खुरडत्या पावलांनी चालतो आणि हळूहळू पाऊल लांबवतो.

ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वार पाठीवर असतानाच्या २४ वर्तनांची एक यादी प्रसिद्ध केली. कान ५ सेकंद किंवा जास्त वेळ मागे, डोक्याची सतत बदलती जागा, उघडं तोंड, बाहेर आलेली जीभ, एका बाजूला ओढलं गेलेलं बिट (लगामाला जोडलेली तोंडातली कडी), पुढे जायला नकार, घसटणारा खूर, अशी ती वर्तनं. त्यातली ८ किंवा अधिक दिसली तर स्नायू किंवा हाडा-सांध्यांचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. मोबाइलवर दहा मिनिटांचं चित्रण करा आणि पाठीवरून उतरल्यावर शांतपणे मोजा. वर बसलेल्या माणसाला यातलं अर्धंही दिसत नाही.

खोगीर चढवण्याआधी हात फिरवा

थंडीतले लांब केस बरंच काही लपवतात: हाडं, सूज, खपल्या, कोरडा चिखल. नुसतं बघून भागत नाही. झूल काढून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, बोटांच्या पेरांनी सारखा दाब देत जा. निरोगी पाठ दाबाखाली थोडी हलते आणि परत येते. कातडी थरथरणं, पाठ एकदम खाली बुडणं, किंवा उलट लाकडासारखी ताठ होणं, या तिन्ही गोष्टी नोंदवा. गुदगुल्या होणाराही घोडा थरथरतो, म्हणून तीच जागा तीन वेळा दाबून बघा. गुदगुल्या ओसरतात, दुखणं ओसरत नाही.

मग कोपराच्या मागे, जिथे तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) बसतो, तिथे केस उलटे करून कातडी बघा. केस छाटलेल्या घोड्याला तिथे पटकन घासतं. न छाटलेल्याच्या केसांत वाळलेला चिखल तंगाखाली कानस होऊन बसतो. खांद्याची टोकं आणि मानेच्या मुळाशी असलेला उंचवटाही बघायला विसरू नका. झूल दिवसाचे वीस-बावीस तास अंगावर असते, खोगीर जेमतेम एक तास. आणि दोष मात्र कायम खोगिरालाच. छातीवर आवळलेली झूल खवाट्यांची (खांद्याच्या पात्यांची) हालचाल अडवते. झुलीची जागा बदलूनच काही घोडे पाऊल लांबवायला लागतात.

कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याची झूल ओढून काढली की ठिणगी बसते. खोगीर बघताच जो घोडा दचकतो, त्याच्या बाबतीत हे कारण आधी तपासा. झूल ओढू नका, दुमडत उचला.

खोगीर

उन्हाळ्यात मापात बसलेलं खोगीर थंडीत मापात राहीलच असं नाही. काम कमी झालं की पाठीवरचा स्नायू उतरतो आणि खोगीर पुढून खाली बसतं. खुराक वाढला असेल तर घोडा रुंदावतो आणि तेच खोगीर चिमटा काढतं. वर केसांचा थर. मग ‘थंडी आहे’ म्हणून खाली जाड नमदा घातला जातो. घट्ट बुटात दोन मोजे घातल्यावर जे होतं, तेच इथे होतं. खोगीर सैल झालं असेल तेव्हाच जाड पॅड तात्पुरतं चालतं; घट्ट झालं असेल तर ते दुखणं वाढवतं.

तपासणी खाली काहीही न घालता करा. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा. खोगीर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, ते आपोआप थांबेल तीच त्याची जागा. खोगिराचं पुढचं टोक खवाट्याच्या मागे राहिलं पाहिजे. पुढच्या कमानीखाली दोन ते तीन बोटं जागा हवी आणि स्वार बसल्यावरही ती पूर्ण मिटता कामा नये. मधली खाच पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटं रुंद असावी, कण्याला कुठेही स्पर्श नको. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. आता गादीखाली हात घालून पुढून मागे सरकवा. मध्ये हात सैल पडतो आणि दोन्ही टोकांना अडकतो, तर खोगीर पुलासारखं बसलंय. सगळं वजन चार ठिकाणी पडतंय. गादीतली लोकरही चाचपा, दमट हवेत तिच्या गाठी होतात.

घामाच्या खुणांवर थंडीत फार विसंबू नका, लांब केसांत घाम पसरतो. त्याऐवजी धुतलेलं पातळ पांढरं कापड खोगिराखाली घालून वीस मिनिटं बसा. मळाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा उमटायला हवा. एका ठिकाणी गडद डाग आणि शेजारी कोरा पट्टा म्हणजे तिथे दाब आहे. पाठीवर जागोजागी उगवलेले पांढरे केस हा जुन्या दाबाचा पुरावा असतो, आजचा असेलच असं नाही.

तंग एका दमात आवळू नका. पहिल्यांदा खोगीर सरकणार नाही इतपत, मग वीस-तीस पावलं चालवून एक भोक, मग बसण्याआधी शेवटचं. तंग आवळताच पाठ फुगवणारा किंवा खाली बसू पाहणारा घोडा अनेकदा या एवढ्यानेच शांत होतो. तरीही दात दाखवत राहिला, तर तंगाखालच्या कातडीनंतर पोटाकडे वळायचं.

पोट, चंदी आणि रिकामा दिवस

घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवतं, तो खात असो वा नसो. दिवसभर चरणाऱ्या जनावरासाठी ती सोय आहे. थंडीत कुरण संपतं, दोन वेळची वैरण दोन तासांत फस्त होते आणि उरलेला वेळ पोट रिकामं. चार ते सहा तासांहून मोठे खंड पडत राहिले की अल्सरचा धोका वाढतो. तंगाच्या वेळी चावणं, चंदी अर्धवट सोडणं, केसांची चमक जाणं, पुढे जायला नकार, ही लक्षणं संशयाला पुरेशी आहेत, निदानाला नाहीत. खात्री एंडोस्कोपीनेच होते. तोवर एक साधा उपाय कोणालाही करता येतो: बसण्याआधी वीस-तीस मिनिटं किलोभर वैरण खायला द्या. पोटात चोथा तरंगत असला की दुडकीत आम्ल वरच्या नाजूक अस्तरावर उसळत नाही.

आता मस्तीचा खरा हिशेब. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो सुकी वैरण लागते. थंडी वाढली तर वाढवायची ती वैरण. मोठ्या आतड्यात तंतू आंबताना उष्णता तयार होते, तीच त्याची आतली शेगडी. चंदीने ते काम होत नाही. तिने मिळते ती झटपट ऊर्जा, आणि काम नसलं की ती खोगिराखाली निघते. ओट्समध्ये सुमारे ४० टक्के स्टार्च असतो. एका वेळी किलो वजनामागे एक ग्रॅम स्टार्च ही मर्यादा धरली, तर ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी साधारण सव्वा किलोच्या वर ओट्स नकोत. आणि चंदी मापाने नाही, वजनाने द्या. एकाच डब्यात मावणारे ओट्स आणि गोळी-खुराक यांच्या वजनात मोठा फरक असतो. खुराक बदलताना डबा तोच राहतो आणि घोडा नकळत दीडपट खातो.

सुट्टीच्या दिवशी चंदी अर्ध्यावर आणा, शक्यतो आदल्या रात्रीपासूनच. घोडा बारीक असेल आणि ऊर्जा हवीच असेल तर स्टार्चऐवजी तेल हळूहळू वाढवत द्या. कुठलाही बदल किमान दहा दिवसांत पसरवा.

पाणीही मोजा. ५०० किलोचा घोडा साध्या हवेत दिवसाला २५ ते ४० लिटर पितो, पण बर्फासारखं पाणी टाळतो. सुक्या वैरणीवर कमी पाणी म्हणजे कडक, लहान लीद, जड पोट आणि पुढे पोटशूळ. असा घोडा उड्या मारत नाही, तो अडतो. कोमट पाणी दिलं तर जास्त पितो.

मोकळं सोडण्याचा प्रयोग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा. पाच दिवस बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त बसण्याआधी दोन तास जास्त मोकळा सोडा. खोडी निम्म्यावर आली, तर कोड्याचं उत्तर बरोबर होतं. काहीच फरक नाही पडला, तर ‘मस्ती’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा.

खूर, तोंड, छाती

गोठलेल्या जमिनीवरचे टापांचे खळगे दगडासारखे होतात आणि पातळ तळव्याचा घोडा त्यावर चालताना प्रत्येक पावलाला विचार करतो. चाचणी सोपी आहे: तोच घोडा मऊ जमिनीवर. तिथे मोकळा आणि कडक जमिनीवर चिडका, तर नालबंदाला बोलवा. थंडीत खूर सावकाश वाढतो, म्हणून नालबंदाची फेरी सहा आठवड्यांवरून नऊ-दहा आठवड्यांवर ढकलली जाते. पण पुढचं टोक लांब होतच राहतं आणि घोडा ठेचकाळतो. बर्फ असेल तर नालेच्या आत त्याचे गोळे साचतात, घोडा अक्षरशः चेंडूंवर चालतो. खुराला बर्फ-पॅड लावा, निदान तळव्याला जाडसर ग्रीस चोपडा. दहिवर पडून लख्ख ऊन पडलेल्या सकाळी गवतात साखर साठलेली असते. जाड मानेच्या, लॅमिनायटिसचा इतिहास असलेल्या घोड्याला त्यावर सोडू नका.

बिट थंडगार असेल तर घोडा डोकं वर फेकतो आणि पहिली काही मिनिटं जीभ काढत राहतो. तळहातात धरून, स्वतःच्या मनगटाला गार लागणार नाही इतपत कोमट करा. त्रास पहिल्या पाच मिनिटांपुरता असेल तर कारण तेच होतं. पुढेही राहिला, एकाच लगामावर मान वाकडी होत राहिली, गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे सापडले, तर दात. हिरव्या गवतावरून सुक्या वैरणीवर आलं की चावण्याचं काम वाढतं आणि आजवर लपलेलं टोकदार दाताचं दुखणं वर येतं. दात दर सहा ते बारा महिन्यांनी तपासायचे असतात.

बंद तबेला, धुळकट वैरण आणि लघवीचा डोळ्यांत झोंबणारा वास असेल, तर दुडकीच्या सुरुवातीला दोन-तीन वेळा खोकणारा घोडा आळशी नाही, त्याला दम पुरत नाही. वैरण अर्धा तास भिजवून द्या आणि झरोके उघडा. घोड्याला थंड हवेचा नाही, कोंडलेल्या हवेचा त्रास होतो.

घोडी असेल तर ‘माजावर आली असेल’ हे कारण थंडीच्या मध्यावर सहसा लागू पडत नाही. दिवस लहान झाले की बहुतेक घोड्यांच्या अंडाशयांचं चक्र थांबलेलं असतं. ऐन थंडीत घोडी नरासारखी आक्रमक वागत असेल, तर अंडाशयाची तपासणी करून घ्या.

वरचा माणूस

थंडीने आखडलेला स्वार मांड घट्ट आवळतो, गुडघे वर घेतो, श्वास रोखतो. जाड हातमोज्यांत लगामाचा अंदाज जातो, हात कडक होतो. घोडा घाबरेल या भीतीने लगाम आखूड धरला की घोडा खरंच घाबरतो. बसण्याआधी स्वतः दहा मिनिटं झपाझप चाला. एकदा दुसऱ्या, हलक्या हाताच्या स्वाराला बसवून बघा. मात्र कसलेल्या माणसाखाली घोडा गप्प राहिला म्हणजे त्याचं दुखत नाही असं नाही. चांगली मांड दुखणं झाकूही शकते.

टप्प्याटप्प्याने चाचणी

वरची पाहणी झाली की एकाच जागी, एकाच दिवशी हा क्रम करा: आधी हाताने चालवत, मग लांब दोरीवर खोगिराशिवाय, मग खोगिरासह, मग स्वारासह साधी चाल, शेवटी दुडकी. दोरीवरचं वर्तुळ वीस मीटरचं, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं, चाबूक फडकावून पळवणं नाही. खोडी ज्या टप्प्यावर पहिल्यांदा दिसते, तिथे काय नव्याने आलं हे बघायचं. खोगिराशिवायच लंगडत असेल तर खोगीर बदलून काही होणार नाही. खोगिरासह ठीक आणि स्वार बसताच बिघडत असेल, तर वजनाखाली खोगीर कुठे टेकतं ते पुन्हा बघा. दोन दिवसांनी हीच चाचणी परत घ्या. मधल्या काळात एकच गोष्ट बदला. खोगीर, खुराक आणि बिट एकदम बदललं की घोडा सुधारतो आणि कशामुळे ते कळत नाही.

वेदनाशामक देऊन बघण्याची चाचणी पशुवैद्यानेच ठरवावी. औषधावर वागणं सुधारलं तर दुखणं होतं. नाही सुधारलं तरी दुखणं नाहीच असं म्हणता येत नाही, कारण काही वेदना त्या औषधाला दाद देत नाहीत.

शेवटी मस्तीच निघाली, तर वेग हा तिचा उतारा नाही. रोज पळवलेला घोडा फक्त जास्त तयारीचा होतो. कमरेवर झूल टाकून पंधरा ते वीस मिनिटं साधी चाल, मोठी वर्तुळं, दर दहा-बारा पावलांनी दिशा किंवा चाल बदलणं, जमिनीवर ठेवलेल्या काठ्या ओलांडणं. डोक्याला काम मिळालं की पाय शांत होतात. वारा सुटलेला असेल किंवा छपरावरचा बर्फ घसरत असेल, तर त्या दिवशी हाताने चालवण्यावर भागवा. काम झाल्यावर केस मुळापर्यंत कोरडे होईस्तोवर घोडा वाऱ्यात उभा ठेवू नका, नाहीतर उद्याची आखडलेली पाठ आजच तयार होते.

पशुवैद्याला बोलावताना नोंदवही, खाल्लेल्या वजनांची यादी आणि तीन चित्रणं हाताशी ठेवा: कडक जमिनीवर सरळ रेषेत जाताना-येताना, दोरीवर दोन्ही बाजूंना, आणि खोडी होते त्या क्षणाच्या आधीच्या तीस सेकंदांसह स्वाराखाली. पूर्ण घोडा दिसला पाहिजे, खूरसुद्धा. आणि त्या दिवशी सकाळी खरारा करताना पाठ चोळून मोकळी करू नका. रोज जशी असते तशीच त्यांना बघू द्या.